थार फोर बाय फोरसाठी परवडणारे टायर: दोन घ्यावेत की चार, आणि कोणते?

प्रश्न कोल्हापूरच्या एका थारवाल्यांचा आहे. गाडी २०२१ ची, डिझेल, एलएक्स व्हेरियंट, फोर बाय फोर. टायरचं माप २५५/६५ आर १८. कंपनीने दिलेलेच टायर अजून आहेत. मागचे दोन गुळगुळीत झालेत, पुढच्यांची नक्षी निम्मी शिल्लक आहे. दुकानदार म्हणतो, मागे दोन चांगल्या कंपनीचे टाका, पुढचे अजून वर्षभर जातील. यांचा वापर बहुतेक शहरात, महिन्यातून एक-दोनदा गगनबावडा, करूळ घाटातून वैभववाडी, आणि तिथे शेतावर जायला अर्धा किलोमीटर लाल मातीची वाट, पावसाळ्यात चिखलाची. पैसे मोजके आहेत. दोन घेऊ की चार, जाड नक्षीचे घेऊ की साधे, सेकंडहँड चालतील का, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. चार घ्या. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे. त्यासाठी एक पायरी खालचा ब्रँड घ्यावा लागला तरी चालेल. फोर बाय फोरमध्ये दोन भारी टायर आणि दोन निम्मे झिजलेले, यापेक्षा चार मध्यम भावाचे एकसारखे टायर केव्हाही बरे. आणि तुमचा वापर पाहता मड टायरचा, म्हणजे चिखलासाठीच्या जाड नक्षीच्या टायरचा, विचार डोक्यातून काढून टाका.

साध्या गाडीला दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही. रोज शेकडो गाड्यांना असंच दोन-दोन करून टायर पडतात आणि काही बिघडत नाही. तुमच्या थारची रचना वेगळी आहे. थार, जिम्नी, जुनी जिप्सी, जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर या सगळ्या पार्ट-टाइम पद्धतीच्या. टू हायमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर हाय किंवा फोर लो (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या किंवा सावकाश गिअरमध्ये) टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना जखडून टाकते. दोघांच्या मध्ये फेऱ्यांतला फरक मुरवणारं डिफरन्शियल नाही. म्हणजे पुढच्या एक्सलने जितक्या फेऱ्या, तितक्याच मागच्याने घ्यायच्या. एक पुढे, एक मागे, असं त्यांना करताच येत नाही.

आता तुमच्या टायरचा हिशोब बघा. २५५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची, ती दोनदा, आणि १८ इंचाची रिम. नव्या टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर येतो आणि घेर २,४७८. असा टायर एका किलोमीटरला ४०४ च्या आसपास फेऱ्या मारतो. याच टायरची नक्षी दहा मिलिमीटरवरून चारवर आली की व्यास बारा मिलिमीटरने कमी होतो आणि फेऱ्या ४१० होतात. दर किलोमीटरला सहा फेऱ्यांचा फरक. टू हायमध्ये या सहा फेऱ्यांना कोणी विचारत नाही. फोर हायमध्ये मात्र दोन्ही शाफ्ट बांधलेले असल्यामुळे हा फरक कुठेतरी मुरवावाच लागतो. चिखलात, खडीत, वाळूत चाक थोडं घसरतं आणि तो निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ चढत जातो तो शाफ्टच्या क्रॉसवर, ट्रान्सफर केसच्या चेनवर किंवा गिअरवर. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, फोर हायमधून लीव्हर निघत नाही. गाडी सरळ रेषेत चार-सहा फूट मागे घेतली की पीळ सुटतो आणि लीव्हर निघतो. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि ते लीव्हरवर ताकद लावत बसतात.

यावरून ओघाने येणारी एक गोष्ट: करूळ घाट ओला आहे म्हणून फोर हाय टाकून उतरू नका. ओल्या डांबरालाही वळणावर पीळ चढण्याइतकी पकड असते. ब्रेक लावताना फोर बाय फोरचा काही उपयोग नसतो, गाडी थांबवायला फक्त टायर आणि ब्रेकच कामाला येतात. म्हणून घाटातल्या पावसासाठी पैसे टायरच्या ओल्या पकडीवर खर्च करायचे.

घेर स्वतः मोजता येतो, आणि दुकानात जाण्याआधी मोजाच. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करा, चारही टायरमध्ये हवा सारखी भरा. प्रत्येक टायरच्या अगदी खाली, जिथे तो जमिनीला टेकतो तिथे, खडूने टायरवर आणि फरशीवर एकाच रेषेत खूण करा. गाडी ढकलत हळूहळू पुढे न्या, टायरवरची खूण पुन्हा बरोबर खाली आली की फरशीवर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. चार आकडे कागदावर लिहा. पुढच्या आणि मागच्यांत चाळीस मिलिमीटरचा फरक दिसला तर तो वर सांगितलेल्या सहा फेऱ्यांचाच. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्यात मोठा फरक निघाला तर आधी हवा पुन्हा तपासा.

मोजून झालं की प्रत्येक टायरवरून तळहात फिरवा, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर नक्षीचे ठोकळे एका बाजूने झिजलेत. पुढच्या चाकांना असं असेल किंवा आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त गेली असेल, तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट सैल झालेत. ते दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये त्यांचीही तीच गत. परवडणारे टायर शोधायला निघालेल्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागून घ्या, तोंडी 'ओके आहे' वर जाऊ नका.

आता कोणत्या जातीचा टायर. एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचा, बारीक खाचांचा, शांत चालणारा. ए/टी म्हणजे मिश्र वापराचा, ठोकळे मोठे, खाचा रुंद. एम/टी म्हणजे चिखलाचा, ठोकळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. तुमच्या शंभर किलोमीटरपैकी नव्व्याण्णव डांबरावर जातात. एम/टीचे ठोकळे मोजके आणि उंच असल्यामुळे ओल्या डांबरावर त्याचं रबर रस्त्याला कमी टेकतं, ब्रेकिंगचं अंतर वाढतं, आवाज येतो, डिझेल जास्त लागतं आणि टायर लवकर संपतो. गगनबावड्याच्या पावसात, धुक्यात, समोरून एसटी आलेली असताना मला तरी एम/टी नको. तुमच्यासाठी योग्य टायर म्हणजे सौम्य ए/टी: मधली नक्षी सलग, कडेचे ठोकळे थोडे मोकळे, आणि ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर या चिराच फोडतात. दुकानात दोन ए/टी शेजारी ठेवून बघा; एकाच्या चिरा ठोकळ्यात खोलवर गेलेल्या दिसतील, दुसऱ्याच्या नुसत्या वरवर, दोन मिलिमीटर झिजले की गायब होणाऱ्या. खोल चिरांचा घ्या.

मातीबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्याकडे माती जिल्ह्यागणिक बदलते आणि सल्ले मात्र सगळ्यांना एकच दिले जातात. वैभववाडीकडची लाल माती जांभ्याची, खाली खडे असतात. ती निसरडी होते, पण टायर दोन इंच रुतला की खाली काहीतरी घट्ट सापडतं. सौम्य ए/टी तिथे काम करतो. मराठवाड्यातली, सोलापूरची, विदर्भातली काळी माती वेगळी. ती पहिल्याच फेरीत सगळ्या खाचा भरून टाकते आणि एच/टी काय, ए/टी काय, सारखेच गुळगुळीत होतात. पावसाळाभर काळ्या मातीच्या शेतात जावं लागणाऱ्याने मड टायरचा विचार करावा, त्याला ते पैसे वसूल होतात. तुम्हाला होणार नाहीत.

त्या अर्ध्या किलोमीटरसाठी टायरपेक्षा उपयोगी वस्तू म्हणजे बारा व्होल्टचा छोटा कम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर. चिखलाच्या वाटेवर जायच्या आधी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि साधा टायरही भारी टायरसारखा ओढतो. सावकाश चालायचं, झटक्यात वळायचं नाही, आणि डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरायची. कमी हवेवर घाटात वेगाने गेलात तर साइडवॉल तापून फाटतो, म्हणून शेवटची पायरी कधीही चुकवू नका. ज्यांना वाटतं टायरची नक्षी कमी पडते, त्यांनी एकदा हवा उतरवून बघावं. बहुतेकांचा नवा टायर घ्यायचा बेतच बदलतो.

ब्रँडकडे वळू. भारतात बनणाऱ्यांमध्ये अपोलोचा अपटेरा, सिएटचे झार आणि क्रॉसड्राइव्ह, जेकेचा रेंजर, एमआरएफचा वाँडरर, योकोहामाचा जिओलँडर, ब्रिजस्टोनचा ड्युएलर, गुडइयरचा रँगलर ही या वर्गातली नावं. यातल्या पहिल्या चार कंपन्या साधारणपणे खिशाला हलक्या आणि त्यांचं जाळं तालुक्यापर्यंत आहे. वॉरंटीचं काम पडलं तर हे जाळंच उपयोगी येतं. एका ब्रँडला डोळे मिटून पहिला नंबर मी देणार नाही, कारण एकाच नावाखाली एच/टी आणि ए/टी असे वेगळे टायर येतात, आणि प्रत्येक मॉडेल प्रत्येक मापात मिळतंच असं नाही. मधल्या भावाच्या भारतीय ए/टीमधून ज्याचे चार टायर ताज्या तारखेचे एकदम मिळतील, तो घ्या. बाहेरून आलेले नावाजलेले ए/टी उत्तम असतात, पण तुमच्या वापरात त्यांच्या जाड साइडवॉलचे पैसे वाया जातात.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे प्लाय, टायरच्या दणकटपणाचं माप. दुकानात सांगतात, हा दहा प्लायचा आहे, दणकट आहे. हे टायर जड वाहनं आणि जास्त वजनासाठी असतात. थारला, आणि जिम्नीला तर नक्कीच, ते जास्तीचे कडक पडतात. गाडी आदळते, चाक जड झाल्याने ब्रेक आणि सस्पेन्शनवर ताण येतो. लोड इंडेक्स मूळ टायरवर जो आहे तो किंवा त्याहून जास्त असावा, कमी चालणार नाही. उदाहरणार्थ १०९ म्हणजे एका टायरला १,०३० किलो, ११२ म्हणजे १,१२०. त्यापुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. साइडवॉलवर आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा. आपल्याकडे तो सक्तीचा आहे.

'चायनाचे नवे, निम्म्या भावात' असं कोणी सांगितलं तर तारीख आधी बघा. केंद्र सरकारने १२ जून २०२० ला नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. त्यानंतर हा स्वस्त माल बाजारातून जवळपास आटला. आज असा टायर कोपऱ्यातून निघाला तर तो जुना पडून राहिलेला असण्याची शक्यता बरीच.

तारीख वाचायला सोपी आहे. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि दुकानात नेमकी ती बाजू भिंतीकडे असते. टायर फिरवून दाखवायला सांगा. सहा महिन्यांच्या आतला सर्वांत चांगला, वर्षाच्या आतला चालेल. त्याहून जुना असेल तर भाव उतरवा किंवा सोडा. चारही टायरच्या तारखा एकमेकींच्या जवळच्या असाव्यात. बिलावर चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या, पुढे वॉरंटीला हेच लागतात. आणि जीएसटीचा दर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत दहा हजार असेल तर एका टायरमागे हजार रुपये कमी. जुन्या छापील किमतीवरून 'डिस्काउंट' दाखवला जात असेल तर तो यातलाच नाही ना, हे विचारून घ्या.

स्वस्त आणि परवडणारं यातला फरक किलोमीटरवर काढा. समजा एक टायर नऊ हजारांचा आणि पस्तीस हजार किलोमीटर चालला, तर हजार किलोमीटरला २५७ रुपये. दुसरा बारा हजारांचा आणि साठ हजार चालला, तर २००. हा दुसरा स्वस्त. पण तुमची गाडी वर्षाला सात-आठ हजारच चालत असेल तर गणित उलटतं: साठ हजार किलोमीटरचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. पाच वर्षांनंतर रबर कडक पडायला लागतं, ओल्या रस्त्यावरची पकड जाते, नक्षी कितीही दिसो. अशा गाडीला पहिलाच टायर घ्यावा. तुमचं वर्षाचं रनिंग दहा हजारांच्या आसपास दिसतंय, म्हणजे मधल्या भावाचा टायर तुम्हाला अगदी बरोबर बसतो.

आता सेकंडहँड. यात एक खरोखर चांगला मार्ग आहे आणि दोन खड्डे आहेत.

चांगला मार्ग म्हणजे टेक-ऑफ. नवी थार घेतल्यावर बरेच हौशी मालक आठवड्याभरात कंपनीचे टायर काढून मोठे टाकतात. काढलेले टायर शे-दोनशे किलोमीटर चाललेले, एकाच तारखेचे, एकाच मॉडेलचे असतात, आणि दुकानदार ते बऱ्याच कमी भावात देतो. कोल्हापूर, पुणे, मुंबईत ॲलॉय आणि ॲक्सेसरीजचं काम करणाऱ्या दोन-चार मोठ्या दुकानांना माप सांगून ठेवा: '२५५/६५ आर १८ चा पूर्ण सेट आला तर फोन करा.' महिनाभर थांबायची तयारी असेल तर तुमच्या बजेटमध्ये हा सगळ्यात उत्तम सौदा. नक्षीत कारखान्यातून येणारे रबराचे बारीक केस दिसले तर टायर खरोखर कमी चाललाय. हे टायर कंपनीने तुमच्याच गाडीसाठी निवडलेले असतात, त्यामुळे माप, वजन, पकड कशाचाच प्रश्न उरत नाही.

याच मार्गावर आणखी एक पर्याय आहे. थारच्या एएक्स व्हेरियंटला कंपनीने २४५/७५ आर १६ दिले होते. त्याचा व्यास ७७४ मिलिमीटर, तुमच्यापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी कमी. सोळा इंचात टायरची निवड जास्त आणि भाव साधारणपणे कमी. शिवाय साइडवॉल उंच असल्याने खड्ड्यात रिम वाचते आणि हवा उतरवून चालवायला तो जास्त चांगला. एएक्सच्या स्टील रिम टायरसकट कोणी विकत असेल तर पाचच्या पाच घेऊन तुमच्या ॲलॉय विकून टाकता येतात. पण एका गाडीत दोन्ही मापं मिसळायची नाहीत, स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवेल, हे लक्षात असू द्या. याउलट जे लोक मापाच्या बाहेर मोठे टायर टाकतात, त्यांचा मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, टायर आत घासतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होण्याला निमित्त मिळतं.

पहिला खड्डा म्हणजे खाच मारलेले टायर. झिजलेला टायर घेऊन गरम पात्याने त्याच्या खाचा खोल करतात, वर काळं पॉलिश मारतात, आणि लांबून तो ऐंशी टक्के नवा दिसतो. प्रत्यक्षात नक्षीखालचं रबरच कापलेलं असतं आणि खाली तारा अगदी जवळ आलेल्या असतात. ओळखायचं कसं? टायरच्या खांद्यावर झीज दाखवणाऱ्या खुणेची टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बारीक त्रिकोण असतो. तिथून सरळ रेषेत मुख्य खाचांमध्ये रबराचा एक आडवा उंचवटा असायला हवा, १.६ मिलिमीटर उंचीचा. कारखान्याचा उंचवटा सगळ्या मुख्य खाचांत एकाच रेषेत असतो आणि त्याच्या कडा साच्यातून आल्यासारख्या साफ दिसतात. पात्याने खाच मारताना तो कापला जातो. उंचवटा नाहीसा असेल, किंवा खाचेचा तळ करवतीने कापल्यासारखा खरबरीत आणि कमी-जास्त खोल असेल, तर तो टायर फुकट दिला तरी घेऊ नका. बोटाला थुंकी लावून साइडवॉल पुसा, पॉलिशखालच्या भेगा लगेच दिसतात. टायर रिमवर नसेल तर आत हात घाला आणि पंक्चरचे ठिगळ, सुरकुत्या, साइडवॉलच्या आतून केलेली दुरुस्ती शोधा. साइडवॉलला शिवण किंवा ठिगळ असेल तर विषयच संपला.

दुसरा खड्डा रिमोल्ड किंवा रिट्रेड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नक्षीचा नवा थर चिकटवलेला. ट्रकच्या मागच्या चाकांना रिट्रेड चालतं, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे आणि ते काम नीट होतं. जिप्सीवाले ऑफरोड स्पर्धेला रिमोल्ड मड टायर लावतात, तिथे वेग ताशी वीस-तीसचा असतो. हायवेवर कुटुंब घेऊन जाणाऱ्या गाडीला मी रिमोल्ड बसवत नाही. उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर सलग दोन-तीन तास वेगात चाललं की चिकटवलेला थर सुटायला उष्णता पुरेशी होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि लांबी ७०१ किलोमीटर. तिकडे कधी जाणार असाल तर टायरमधली हवा थंड असताना, निघण्याआधी, दारालगतच्या खांबावर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरा. पंपावर पोचेपर्यंत गरम झालेल्या टायरचं माप खोटं येतं.

आणि खरोखरच आत्ता दोनचेच पैसे असतील तर? पार्ट-टाइम गाडीत तेही निभावतं, अट पाळली तर. नवे दोन मागे टाका, पुढच्यांच्याच कंपनीचे आणि मॉडेलचे. ओल्या वळणावर मागचं टोक सुटलं तर सावरणं फार कठीण असतं, म्हणून चांगली पकड मागे. आणि पुढचे बदलेपर्यंत फोर हाय, फोर लो फक्त चिखलात, खडीत वापरायचं, डांबराला लागण्याआधी टू हाय. पण मागचे आज पूर्ण गेलेत आणि पुढचे निम्म्यावर आहेत, म्हणजे वर्षभरात ते पुन्हा घ्यावेच लागणार. तेव्हा ते मॉडेल मिळेलच याची खात्री नाही. शिवाय पाचव्या टायरचाही विचार करायला हवा.

हा पाचवा टायर, म्हणजे मागच्या दारावरची स्टेपनी, पूर्ण मापाचा आहे आणि २०२१ पासून उन्हात टांगलेला आहे. न चाललेला असला तरी त्याची तारीख आणि भेगा बघा. तो ठीक असेल तर स्टेपनी म्हणूनच राहू द्या, नव्या चारांत मिसळू नका. पुढच्या वेळी मात्र पाच घ्या आणि पाचही फिरवत ठेवा: दर सात-आठ हजारांना स्टेपनी एका चाकाच्या जागी, त्या चाकाचा टायर दारावर. पाचांवर झीज वाटली गेली की सेट जवळपास पाव पटीने जास्त जातो आणि वाटेत टायर फाटला तरी बसणारा टायर जुळणाराच असतो.

हे वाचणाऱ्यांत कोणाकडे एडब्ल्यूडी, म्हणजे गरजेप्रमाणे चारही चाकांना आपोआप ताकद देणारी, डस्टर, एक्सयूव्ही ५०० किंवा ७०० असेल तर त्यांच्यासाठी नियम जास्त कडक आहे. एक्सयूव्हीत टू हाय टाकून सुटायची सोय तशी नाही. या गाड्यांत मागच्या एक्सलला ताकद देणारा क्लच पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक बघून काम करतो. टायर कमी-जास्त झिजलेले असले की त्याला सरळ रस्त्यावरही फरक दिसत राहतो, तो अर्धवट पकडत राहतो आणि तापतो. तो बदलायचा खर्च चार टायरपेक्षा खूप जास्त. म्हणून चारांच्या नक्षीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, आणि मॅन्युअलमध्ये याहून कडक आकडा दिला असेल तर तो पाळा. तीन टायर निम्मे झिजलेले असताना चौथ्याचा साइडवॉल फाटला, तर त्याच मॉडेलचा तेवढाच झिजलेला जुना टायर शोधणं हा इथे शहाणपणा आहे. नवा आणलात तर नडेल.

बसवून घेताना उभे राहा. नवा व्हॉल्व्ह प्रत्येक चाकाला मागा, किंमत किरकोळ असते. बॅलन्सिंग चारही चाकांचं करून घ्या. नट एअर गनने अखेरपर्यंत आवळू देऊ नका. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते एकदा पुन्हा तपासून घ्या. नायट्रोजन घ्यायचाच असं नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हवा मोजा. नव्या टायरवर साच्याचं तेलकट आवरण असतं, म्हणून पहिले दीड-दोनशे किलोमीटर सांभाळून, विशेषतः पावसात. म्हणजे टायर बसवून त्याच दिवशी करूळ घाटात उतरू नका, आधी आठवडाभर गावात फिरवा.

जुने टायर एक्सचेंजला देताना पुढच्या दोन निम्म्या टायरचे वेगळे पैसे मागा. त्यांना बाजारात भाव आहे. दुकानदार चारही भंगारात धरत असेल तर ते दोन घरी आणा. वैभववाडी-गगनबावडा पट्ट्यात याच मापाच्या गाड्या वाढल्यात, गिऱ्हाईक मिळेल.